मर्यादा १६०, वाचन ८४०: सायानो-शुशेन्स्कायाच्या संच क्र. २ चे प्रकरण

१७ ऑगस्ट २००९. सकाळी ८ ते ८:१३ या वेळात रशियातल्या सायानो-शुशेन्स्काया जलविद्युत केंद्रात संच क्र. २ च्या (संच म्हणजे टर्बाइन-जनरेटरची जोडी) टर्बाइन बेअरिंगचे, म्हणजे फिरत्या शाफ्टला आधार देणाऱ्या भागाचे, कंपन ६०० मायक्रॉनवरून ८४० मायक्रॉनवर (हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर) चढले. हे आकडे त्या वेळी नोंदले गेले होते. संच चालवायला परवानगी १६० मायक्रॉनपर्यंत होती. तरी संच चालूच राहिला. ८:१३ ला टर्बाइनचे टॉप कव्हर धरून ठेवणारे स्टड (नट बसवायचे जाड आटेदार दांडे) तुटले, धरणातल्या पाण्याच्या दाबाने कव्हर आणि त्यावरचा शेकडो टनांचा फिरता भाग वर उचलला गेला आणि टर्बाइनच्या खड्ड्यातून पाणी यंत्रगृहात घुसले. ७५ माणसे गेली.

‘यंत्र ओरडत होते, माणसांनी कान बंद केले’ असा निष्कर्ष या आकड्यांवरून लगेच काढता येतो, आणि बहुतेक ठिकाणी तोच काढला जातो. प्रकरण एवढे सोपे नाही. ते ८४० चे वाचन खरे होते की सेन्सरच बिघडला होता, यावरच पुढे वाद झाला. यंत्राच्या प्रकृतीवर नजर ठेवणाऱ्यांनी या प्रकरणात सर्वांत बारकाईने पाहावी अशी जागा तीच आहे.

यंत्र

येनिसेई नदीवरच्या या केंद्रात ६४० मेगावॅटचे दहा संच. फ्रान्सिस टर्बाइन, रनरचा (पाण्याने फिरणाऱ्या चाकाचा) व्यास ६.७७ मीटर, पाती १६, गती मिनिटाला १४२.८६ फेरे. म्हणजे सेकंदाला २.३८ फेरे. हा २.३८ हर्ट्झचा आकडा लक्षात ठेवावा, पुढे तो उपयोगी पडेल. मूळ रचना १९४ मीटर शीर्षासाठी, म्हणजे पाणी जितक्या उंचीवरून येते त्या उंचीसाठी. अपघाताच्या दिवशी जलाशय भरलेला असल्याने शीर्ष २१२ मीटर होते. संच क्र. २ नोव्हेंबर १९७९ मध्ये चालू झाला होता आणि टर्बाइनचे ठरवलेले आयुष्य ३० वर्षांचे होते, ते संपायला तीन महिने उरले होते. २००९ च्या जानेवारी ते मार्चमध्ये त्याची मध्यम स्वरूपाची दुरुस्ती झाली होती. म्हणजे कागदोपत्री हा ताजा दुरुस्त झालेला संच होता.

टॉप कव्हर म्हणजे टर्बाइनवरचे जाड पोलादी झाकण. खालून पाण्याचा दाब ते वर ढकलत असतो आणि त्याला खाली धरून ठेवायला कडेने ८० स्टड. प्रत्येक एम-८० मापाचा. ६ मिमी पिचच्या एम-८० आट्याचे ताण घेणारे क्षेत्रफळ सुमारे ४,३४० चौरस मिमी भरते; २०० मेगापास्कल ताणापर्यंत आवळला तर असा एक स्टड जवळपास ८७० किलोन्यूटन, म्हणजे ८८ टनांच्या आसपास जोर धरून ठेवतो. असे ऐंशी. त्यामुळे कागदावर कव्हर सुरक्षित होते, आणि म्हणूनच कदाचित त्याच्याकडे ‘यंत्राचा भाग’ म्हणून कोणी पाहत नव्हते. बेअरिंग, रनर, गव्हर्नर (गती सांभाळणारा नियंत्रक) ही यंत्रे. स्टड म्हणजे नटबोल्ट.

मधला पट्टा

फ्रान्सिस टर्बाइनच्या रनरची पाती स्थिर कोनात असतात. पूर्ण भाराजवळ पाणी रनरमधून जवळपास सरळ खाली उतरते. भार कमी केला की बाहेर पडणाऱ्या पाण्यात फिरकी उरते आणि ड्राफ्ट ट्यूबच्या, म्हणजे रनरखालून पाणी बाहेर नेणाऱ्या नळाच्या, शंकूत दोरीसारखा पिळलेला भोवरा तयार होतो. हा भोवरा शंकूत गोल गोल हिंडतो, साधारणपणे फेऱ्यांच्या गतीच्या ०.२ ते ०.४ पट वेगाने. या संचासाठी ते ०.५ ते ०.९५ हर्ट्झ. दर फेरीला दाबाचा एक धक्का, आणि तो धक्का कव्हरला, कव्हरमार्फत स्टडना.

म्हणून या संचांना भाराचे तीन पट्टे आखून दिले होते. २१२ मीटर शीर्षाला सुमारे २६५ मेगावॅटपर्यंत पहिला, २६५ ते ५७० दुसरा, ५७० च्या वर तिसरा. दुसऱ्या पट्ट्यात काम करू नये, फक्त तो पटकन ओलांडावा अशी सूचना. पण वीज-जाळ्याची मागणी मिनिटामिनिटाला बदलते आणि भार कमी-जास्त करायचे काम ज्या संचाकडे असेल तो या पट्ट्यातून सारखा ये-जा करतो. २००९ च्या दुरुस्तीनंतर संच क्र. २ या पट्ट्यातून २३२ वेळा गेला. एकूण वेळ ४६ मिनिटे. भागाकार केला तर प्रत्येक वेळी सुमारे १२ सेकंद. नियमाच्या भाषेत हे बिनचूक ‘ओलांडणे’ आहे. ४६ मिनिटांत भोवऱ्याचे धक्के फार तर सव्वीसशेच्या आसपास होतात. एवढ्यावर धडधाकट एम-८० स्टड थकत नाही. फटीगची (वारंवारच्या धक्क्यांनी धातू थकण्याची) मुळे याहून जुनी असणार हे या साध्या हिशेबातूनच दिसते, आणि तपासात सापडलेले स्टड तेच सांगतात.

आदल्या रात्री ब्रात्स्क जलविद्युत केंद्रात आग लागली, संपर्कयंत्रणा गेली आणि भार सांभाळण्याचे काम सायानो-शुशेन्स्कायाकडे आले. १६ ऑगस्टच्या रात्री ११:१४ ला संच क्र. २ सुरू करून गट-नियंत्रणात (संचांमध्ये भार वाटणाऱ्या यंत्रणेत) त्याला अग्रक्रम दिला गेला. भार कमी करायचा, वाढवायचा, तर आधी यानेच. रात्रभरात तो दुसऱ्या पट्ट्यातून सहा वेळा गेला. सकाळी पुन्हा भार उतरत असताना, सुमारे ४७५ मेगावॅटला, स्टड सुटले.

स्टड काय सांगतात

अपघातानंतर तपासलेल्या ४९ स्टडपैकी ४१ वर फटीगचे तडे होते. तुटलेल्या पृष्ठभागाचा सरासरी ६४.९ टक्के भाग फटीगने आधीच कापला गेलेला होता. आठ स्टडमध्ये हे प्रमाण ९० टक्क्यांच्या वर. दोन स्टड फटीगशिवाय, नुसत्या ओढीने तुटलेले. उरलेल्या सहांचे आटे शाबूत होते, म्हणजे कव्हर उडाले तेव्हा त्यांच्यावर नटच नव्हते.

हे आकडे एकत्र मांडले तर चित्र असे: ४१ स्टडमध्ये सरासरी ३५ टक्के धातू शिल्लक, म्हणजे सुमारे साडेचौदा स्टडांइतका, दोन पूर्ण, सहा शून्य. ४९ जागांवर साडेसोळा स्टडांचा जीव. गरजेच्या तिप्पट ताकद ठेवण्याच्या सुरक्षा-गुणकाचे गणित एवढ्यातच संपते.

नट नसलेला स्टड फक्त स्वतःचा वाटा सोडतो असे नाही. नीट आवळलेल्या स्टडवर बदलत्या दाबाचा थोडासाच भाग येतो, बाकीचा जोर दोन पृष्ठभागांच्या दाबाखाली मुरतो. स्टड सैल झाला की दर धक्का पूर्णपणे त्याच्याच अंगावर येतो आणि तडा आट्याच्या मुळाशी, बहुधा नटात अडकलेल्या पहिल्या आट्यापाशी सुरू होतो. शेजारचा नट निघाला की हा भार वाढतो, तडा वाढला की ताण उतरतो, ताण उतरला की नट आणखी सैल. वर्षानुवर्षे हे चक्र चालू राहते आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

दिसू शकत होते का? हो, आणि फार महागडे काही लागत नव्हते. स्टडच्या वरच्या टोकाचा रंग-गंज घासून सपाट करायचा, कपलंट (ध्वनी आत नेणारा जेल) लावून २ ते ५ मेगाहर्ट्झचा सरळ अल्ट्रासॉनिक प्रोब ठेवायचा आणि खालच्या टोकाचा प्रतिध्वनी पाहायचा. पोलादात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर, त्यामुळे स्टडची लांबी माहीत असेल तर प्रतिध्वनी कुठे यायला हवा हे आधीच कळते. त्याआधी मध्येच ठळक शिखर उठले किंवा शेवटचा प्रतिध्वनी खाली बसला, तर तडा. यात एक चकवा आहे: आट्यांचेही छोटे प्रतिध्वनी येतात आणि नवखा माणूस एक तर त्यांनाच तडे समजतो, नाही तर खऱ्या तड्याला आटा समजून सोडतो. म्हणून त्याच मापाचा, आट्याच्या मुळाशी करवतीची ज्ञात खोलीची खाच घेतलेला नमुना-स्टड जवळ ठेवून यंत्र जुळवून घ्यावे लागते. ऐंशी स्टडांचे काम एका जोडीला दोन-तीन पाळ्यांत उरकते, आणि संच उघडावा लागत नाही.

दुसरी तपासणी ताणाची. ३०० मिमी मोकळी लांबी असलेला पोलादी स्टड २०० मेगापास्कलला सुमारे ०.२९ मिमी ताणला जातो. हे ताणणे डेप्थ मायक्रोमीटरने किंवा अल्ट्रासॉनिकने मोजता येते. पान्यावर घण मारून ‘घट्ट झाला’ म्हणणे या मापाच्या स्टडला चालत नाही. आट्यातले घर्षण बदलले की त्याच घणाने निम्माही ताण येत नाही. हायड्रॉलिक टेन्शनर वापरावा, प्रत्येक स्टडचा क्रमांक आणि ताणलेली लांबी लिहून ठेवावी, आणि नटाला फिरू न देणारी लॉक-प्लेट बसवावी. नट आणि कव्हरवर आरपार एक रंगाची रेघ ओढली तर गस्तीवरच्या माणसाला सैल झालेला नट टॉर्चच्या उजेडातही कळतो. सहा नट जागेवर नाहीत हे कळायला तर रेघही लागत नाही, मोजता येणे पुरते.

स्टडांच्या फटीगबद्दल कोणालाच कल्पना नव्हती असेही म्हणता येत नाही. १९८३ मध्ये तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या, आता ताजिकिस्तानात असलेल्या नुरेक जलविद्युत केंद्रात टॉप कव्हरचे स्टड तुटून यंत्रगृहात पाणी शिरले होते. तो अनुभव तेव्हाच्या त्याच देशातला, त्याच व्यवसायातला. तरी सव्वीस वर्षांनी सायानो-शुशेन्स्कायाच्या दुरुस्तीच्या कामात स्टडांची दोषशोधक तपासणी नव्हती.

एकच सेन्सर

रशियाच्या तांत्रिक देखरेख यंत्रणेने, रोस्तेखनादझोरने, ऑक्टोबर २००९ मध्ये अहवाल दिला. त्यात २१ एप्रिल ते १७ ऑगस्ट या काळात टर्बाइन बेअरिंगचे कंपन साधारण चौपट झाल्याचे म्हटले आहे. ११८ दिवसांत चौपट म्हणजे दर ५९ दिवसांनी दुप्पट. शेवटचे वाचन ६०० ते ८४० असेल तर एप्रिलमधले १५० ते २१० निघते. म्हणजे मर्यादा ऑगस्टमध्ये ओलांडली गेली असे नाहीच. संच एप्रिलपासूनच तिच्या काठावर किंवा पलीकडे होता.

आता दुसरी बाजू. हे चढते वाचन एका सेन्सरचे होते. बाकीच्या सेन्सरांनी तशी वाढ दाखवली नव्हती, आणि तोच सेन्सर संच थांबलेला असतानाही मोठे कंपन दाखवत होता, असा आक्षेप पुढे तज्ज्ञांकडून आला. थांबलेल्या यंत्राचे कंपन दाखवणारा सेन्सर म्हणजे तुटका ताप-मापक. त्यावर विश्वास ठेवून शेकडो मेगावॅटचा संच कोण बंद करणार?

आमच्या मते इथे दोन्ही बाजू एकाच दोषाकडे बोट दाखवतात. सेन्सर खरा असेल तर चार महिने कोणी कृती केली नाही. सेन्सर खोटा असेल तर चार महिने एक खोटा सेन्सर तसाच ठेवला गेला, आणि टर्बाइन बेअरिंगचे कंपन प्रत्यक्षात मोजलेच जात नव्हते. संशयित वाचनाची तिसरी स्थिती, ‘असेल काहीतरी’, ही सर्वांत धोक्याची, कारण ती स्क्रीनवर आकडा दाखवत राहते आणि सगळ्यांना त्याकडे न पाहण्याची सवय लावते. अहवालातली आणखी एक नोंद हेच सांगते: २००९ मध्ये बसवलेली अखंड कंपन-देखरेख यंत्रणा रीतसर सेवेत घेतलीच नव्हती, आणि निर्णय घेताना पाळीवरची माणसे वा व्यवस्थापन तिचे आकडे धरत नव्हते.

असा सेन्सर खरा की खोटा हे ठरवायला महिने लागत नाहीत. संच थांबला की वाचन पाहायचे. ते जवळपास शून्यावर आले नाही तर दोष मापनसाखळीत आहे. प्रॉक्झिमिटी प्रोब (शाफ्टला न टेकता अंतर मोजणारा सेन्सर) असेल तर अंतर-व्होल्टता मोजायची. नेहमीच्या प्रोबांत ती उणे १० व्होल्टच्या आसपास ठेवतात आणि मायक्रॉनला सुमारे ८ मिलिव्होल्ट बदल होतो. ती एका टोकाला जाऊन बसली असेल तर प्रोब सरकला आहे किंवा केबल गेली आहे. मग त्याच बेअरिंगवरच्या, ९० अंशांत बसवलेल्या दुसऱ्या सेन्सरशी तुलना. खरे कंपन एकाच दिशेला चौपट आणि दुसरीला जसेच्या तसे, असे क्वचितच होते. त्यानंतर तरंगाकृती बघायची: २.३८ हर्ट्झची लाट किंवा तिच्याखालची भोवऱ्याची संथ लाट दिसली तर यंत्र बोलते आहे. ५० हर्ट्झची गुणगुण किंवा एकदम उडणाऱ्या पायऱ्या दिसल्या तर केबल आणि अर्थिंग. सरतेशेवटी डायल गेज शाफ्टला लावून चालत्या संचावर डोळ्यांनी पाहायचे. ८४० मायक्रॉन म्हणजे जवळपास एक मिलिमीटर. एवढे हलणे डायलवर लपत नाही.

हाताच्या मीटरने तपासायला गेलेला माणूस मात्र इथे हमखास फसतो. नेहमीचे कंपन-मीटर १० ते १,००० हर्ट्झ मोजतात आणि मिमी प्रति सेकंदात वेग दाखवतात. या संचाची हालचाल २.३८ हर्ट्झवर आणि भोवरा त्याहूनही खाली, म्हणजे मीटरला ती दिसतच नाही. खालपर्यंत मोजणारे मीटर घेतले तरी: शिखर ते शिखर ८४० मायक्रॉन, २.३८ हर्ट्झ, याचा वेग येतो सुमारे ४.४ मिमी प्रति सेकंद आरएमएस (वर्ग-सरासरी मूल्य). सर्वसाधारण औद्योगिक यंत्रांच्या तक्त्यावर हा आकडा ‘लक्ष ठेवा’ या खान्यात बसतो. तीच हालचाल ०.६ हर्ट्झची असेल तर १.१, म्हणजे ‘उत्तम’. त्वरण तर ०.०१ जीच्याही (जी म्हणजे गुरुत्वत्वरण) खाली. १०० मिलिव्होल्ट प्रति जी संवेदनेच्या ॲक्सेलरोमीटरमधून एक मिलिव्होल्टही निघत नाही. संथ यंत्राचे कंपन मायक्रॉनमध्ये, म्हणजे विस्थापनातच मोजायचे, आणि सेन्सर निदान ०.३ हर्ट्झपर्यंत खाली सरळ प्रतिसाद देणारा हवा.

मर्यादेची वाट न पाहता बदलावर निर्णय घेण्याची रीतही आहे. कंपन-मानकांचा एक जुना नियम असा की मर्यादेच्या २५ टक्क्यांइतका बदल झाला तर कारण शोधायचे, मग एकूण आकडा मर्यादेत का असेना. १६० चे २५ टक्के म्हणजे ४०. वर काढलेल्या दराने, १५० वरून १९० व्हायला सुमारे वीस दिवस लागतात. वाढ एकसारखी होती असे धरले तर मे महिन्याच्या मध्याआधीच चौकशी सुरू व्हायला हवी होती. त्या चौकशीत सेन्सर तपासला गेला असता; सेन्सर खरा ठरला असता तर कव्हरकडे नजर गेली असती, खोटा ठरला असता तर बदलला गेला असता.

थांबवायचे कोणी

गट-नियंत्रक भार वाटताना संचाचे कंपन विचारात घेत नव्हता. त्याला फक्त मेगावॅट कळत होते. त्यामुळे ज्या संचाचे कंपन मर्यादेपलीकडे नोंदले जात होते, त्यालाच खालीवर नाचवायचे काम मिळाले. आणि ८४० वर आपोआप ट्रिप देणारी, म्हणजे संच बंद करणारी, जोडणी नव्हती, म्हणून निर्णय नियंत्रण कक्षातल्या माणसावर, तोही जाळ्याच्या गरजेच्या दडपणाखाली.

इंटरलॉक (आपोआप अडवणारे संरक्षण) बांधताना साधारण अशी रचना टिकते: पहिल्या पातळीला इशारा, आणि त्याच क्षणी संच गट-नियंत्रणाच्या अग्रक्रमातून आपोआप बाहेर, म्हणजे तो एका स्थिर भारावर राहील. दुसऱ्या पातळीला, तीन सेन्सरांपैकी दोघांनी सलग काही सेकंद तेच दाखवले तर ट्रिप. ‘तीनपैकी दोन’ हा आग्रह एका बिघडलेल्या सेन्सरमुळे संच बंद पडू नये म्हणून; तो नसला की दोन खोट्या ट्रिपनंतर कोणीतरी जंपर (संरक्षण वगळणारी तार) टाकून संरक्षणच बंद करते. मधला पट्टा ओलांडतानाचा क्षणिक उसळा गृहीत धरून वेळेचा विलंब ठेवावा लागतो, पण मोजून: इथे सरासरी ओलांडणे १२ सेकंदांचे होते, मग विलंब १५-२० सेकंदांचा, तेरा मिनिटांचा नव्हे. आणि पट्ट्यातून गेलेल्या फेऱ्यांचा मोजक हवा. किती तास चालला यापेक्षा कितीदा त्या पट्ट्यातून गेला, हा आकडा स्टडांच्या तपासणीची तारीख ठरवायला जास्त उपयोगी.

खुद्द कव्हरवर चार बाजूंना चार अंतर-सेन्सर बसवले असते, तर बेअरिंगच्या वाचनावर वाद घालायची वेळच आली नसती. कव्हर आणि त्याच्या बैठकीत शतांश मिलिमीटरची फट उघडमीट करू लागली की स्टडांचा ताण गेला असे समजावे. त्याआधी बहुधा सांध्यातून पाणी पाझरू लागते. टर्बाइन पिटमधल्या ड्रेनेज पंपाचे तास वाढले तर त्याची नोंद लॉगशीटमध्ये असतेच, फक्त ती या नजरेने वाचावी लागते.

गेट

पाणी आत घुसल्यावर केंद्राचा स्वतःचा वीजपुरवठा गेला. धरणाच्या माथ्यावरची आपत्कालीन गेटे त्याच पुरवठ्यावर चालणारी. कामगारांनी वर चढून ती हाताने पाडली. पाणी थांबायला सव्वा तासाच्या आसपास लागला. पूर्ण भाराला या टर्बाइनमधून सेकंदाला सुमारे ३५० घनमीटर पाणी जाते, त्यावरून तेवढ्या वेळात काय झाले असेल याचा अंदाज यावा. गेटांसाठी माथ्यावरच वेगळा जनरेटर, नियंत्रण कक्षातून आणि जागेवरून दोन्हीकडून पाडता येणारी यंत्रणा, आणि वीज नसताना स्वतःच्या वजनाने बंद होणारी रचना: या तिन्हींची चाचणी दरवर्षी मुख्य पुरवठा खरोखर तोडून घ्यायची असते. पुरवठा चालू ठेवून घेतलेली चाचणी फक्त मोटर चालते एवढेच दाखवते.

सर्व दहा संच नव्याने बसवले गेले. संच क्र. २ सर्वांत शेवटी, १२ नोव्हेंबर २०१४ रोजी, पुन्हा जाळ्याला जोडला गेला.